बी-वन पास, तरी शेजारणीच्या चिठ्ठीचा धसका

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, शेवटच्या वर्षी जर्मनचा क्लास लावून बी-वन पातळीची परीक्षा पास झालो आणि गेल्या वर्षी ऑक्टोबरात जर्मनीत साक्सनीतल्या एका विद्यापीठात मास्टर्सला आलो. कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे. आम्ही चार मराठी मुलं एका फ्लॅटमध्ये राहतो. वर्ष झालं, पण इथली माणसं मला कळतच नाहीत. ग्रुप प्रोजेक्टमध्ये मी रात्रभर जागून केलेल्या भागाला एक जर्मन मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, 'हे चुकीचं आहे, असं देता येणार नाही.' मीटिंग संपल्यावर तोच मला मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवायला चल म्हणाला! गणपतीत आरती केली तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर चिठ्ठी चिकटवली. बेल वाजवून सांगितलं नाही. प्रोफेसरांनी मेल केला की सेमिनारमध्ये तुमचा सहभाग कमी आहे, आणि मी तर एकही तास चुकवलेला नाही. एका वर्गमित्राला सहज 'ये ना घरी' म्हटलं, तर त्याने मोबाइलमधलं कॅलेंडर उघडलं. दुकानात जर्मन बोलायला जावं तर समोरचा इंग्रजीवर येतो, नाहीतर असं काही बोलतो की एक शब्द पकडता येत नाही. आई म्हणते, डिग्री इंग्रजीत आहे, जर्मनमध्ये वेळ घालवू नकोस. रूममेट म्हणतात, हे लोक रेसिस्ट आहेत, सोड. मी जर्मन सोडून द्यावं का? आणि नाताळच्या सुट्टीत घरी यावं की इथेच राहावं?

— एक विद्यार्थी, साक्सनी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना मी एकच गोष्ट शोधत होते. यातल्या एखाद्या प्रसंगानंतर तू त्या माणसाला काही विचारलंस का? तसं कुठेच लिहिलेलं नाही. प्रोजेक्टमधला मुलगा, खालच्या आजी, प्रोफेसर, कॅलेंडरवाला मित्र, सगळ्यांची प्रकरणं तुमच्या स्वयंपाकघरात आली, चार मराठी मुलांच्या खंडपीठापुढे चालली आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत निकाल लागला. आरोपी दरवेळी गैरहजर. अशा कोर्टात निकाल वेगळा लागणार तरी कसा?

रूममेट बदल असं मी मुळीच सांगणार नाही. परक्या देशात पहिल्या वर्षी आपल्या भाषेत चिडायला, रडायला माणसं लागतात, आणि वरणभात लावणारा कोणीतरी लागतो. फक्त क्रम बदल. प्रसंग घडला की घरी नेण्याआधी तिथल्याच एखाद्या माणसाकडे ने. 'हे असं झालं, मला त्याचा असा अर्थ लागला, तुमच्याकडे याचा काय अर्थ होतो?' एवढं विचारायला बी-वन पुरतं. अडलास तर इंग्रजीत विचार, पण विचार.

आता तुझ्या प्रोजेक्टकडे येते, कारण सगळ्यात जास्त लागलंय ते तिथेच. 'हे चुकीचं आहे' म्हणणाऱ्या मुलानेच लगेच जेवायला बोलावलं, याचं तुला आश्चर्य वाटलं. मला वाटतं, उत्तर त्या बोलावण्यातच आहे. तुझ्यावर राग असता तर त्याने ताट घेऊन दुसरं टेबल गाठलं असतं. त्याने तुझी आकडेमोड खोडली आणि त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. आपल्याकडे चूक दाखवायची तर आधी 'छान झालंय', मग 'फक्त एक छोटीशी गोष्ट', मग 'बघ, तुला पटलं तर', आणि ऐकणारा त्या छोट्याशा गोष्टीवरून ओळखतो की सगळंच परत करायचंय. त्या मुलाला ही वळणं ऐकवलीस तर त्याला खरंच एवढंच कळेल की काम छान झालंय. मग शेवटच्या आठवड्यात घोटाळा उघडकीला आला की तो म्हणेल, भारतीय लोक स्पष्ट बोलत नाहीत. तुझ्या फ्लॅटमध्ये त्याच्यावर जसा निकाल लागला, तसा त्याच्या फ्लॅटमध्ये तुझ्यावर लागलेला असू शकतो.

सगळे जर्मन असेच, असं मात्र समजू नकोस. लाजाळू, आडून बोलणारे, मेलमध्ये तीन ओळींची प्रस्तावना लिहिणारे जर्मन मी पुष्कळ पाहिलेत. आणि काही जण निव्वळ उद्धट असतात. त्यांच्या उद्धटपणाला संस्कृती म्हणून मान द्यायचं कारण नाही. एकाच वाक्यामागे सवय आहे, स्वभाव आहे की खोडसाळपणा, हे ओळखता येणं ही खरी कमाई. ते क्लासात शिकवता येत नाही. मी इतकी वर्षं पुण्यात जर्मन शिकवतेय, म्हणून हे खात्रीने सांगते.

पुढच्या मीटिंगमध्ये त्याला दोन प्रश्न विचार: नेमकं कुठे चुकलं, आणि तू असतास तर कसं केलं असतंस? आणि त्याचं म्हणणं तुला पटत नसेल तर तसं सांग. तिथे मान खाली घालून 'ओके' म्हणणाऱ्यापेक्षा कारण देऊन 'मला हे पटत नाही' म्हणणाऱ्याला वजन असतं. तुझा स्वतःचा 'हो'ही जरा तपासून बघ. न कळलेल्या गोष्टीला आपण किती सहज मान डोलावतो! आपल्या डोलावण्याचा अर्थ 'ऐकतोय' इतकाच असतो. समोरच्याने तो 'कळलं आणि मान्य आहे' असा धरला तर आठवड्याने भांडण ठरलेलं.

प्रोफेसरांच्या मेलचं मूळही जवळपास तिथेच आहे. जर्मन शाळेत वर्गातल्या तोंडी सहभागाला गुण असतात आणि ते ग्रेडमध्ये धरले जातात. तिथला मुलगा लहानपणापासून हात वर करत आलाय. आपण गप्प बसून लिहून घेणाऱ्याला गुणी म्हणत आलो. तुझी शंभर टक्के हजेरी त्यांच्या हिशेबातच नाही. त्यांना तू तयारी न करता आलेला वाटतोस. त्यांच्या भेटीच्या वेळेत, म्हणजे श्प्रेखश्टुंडमध्ये, मेल करून जा आणि सांग की आमच्याकडे मधे बोलणं उद्धटपणाचं मानतात, मला सवय व्हायला वेळ लागतोय, तुम्हाला कशा प्रकारचा सहभाग हवा आहे? सुरुवातीला एक प्रश्न घरून लिहून ने आणि पहिल्या पंधरा मिनिटांत विचारून टाक. नंतर धीर होत नाही.

चिठ्ठीचं वाचून मी हसले, रागावू नकोस. चार वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला दारावरच्या लेखी सूचनेचा धक्का बसावा? सदाशिव पेठेत तर त्या आजींचा सत्कार झाला असता.

चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते तू कळवलेलं नाहीस. वेळेचा उल्लेख होता का, ते बघ. रात्री १० ते सकाळी ६ ही साधारणपणे शांततेची वेळ, आणि रविवार पूर्ण दिवस. रविवारची शांतता तिथे राज्यघटनेतच आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं कलम पुढे १९४९च्या घटनेत तसंच घेतलं गेलं. म्हणून रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल नाही, आणि काचेच्या बाटल्या डब्यात टाकायलासुद्धा मनाई. चौघांच्या शिफ्टा आणि लेक्चरं संपून तुमची आरती साडेदहाला सुरू झाली असेल, टाळ आणि झांजेसकट, तर आजींनी सरळ पोलिसांना फोन न करता चिठ्ठी लिहिली ही सलोख्याची पायरी समज. बेल वाजवून समोरासमोर बोलणं कित्येकांना तिथे जास्त आगाऊपणाचं वाटतं.

पुढच्या वर्षी असं कर. दोन-तीन दिवस आधी जिन्यात एक कागद लाव: आमचा सण आहे, अमुक तारखेला संध्याकाळी ७ ते ८ थोडा आवाज होईल, त्रास झाला तर बेल वाजवा, खाली चौघांची नावं. घरी पार्टी असली की जर्मन लोकही असाच कागद लावतात. आणि या वर्षीचं राहिलंय ते आत्ता कर. चिठ्ठीला उत्तर लिही, चार ओळी, जर्मनमध्ये, चुका झाल्या तरी चालतील, आणि स्वतः नेऊन दे. सोबत थोडा शिरा नेलास तर उत्तम. मात्र आत काय काय घातलंय ते सांग. काजू-बदाम चालत नसणारी माणसं तिथे भेटतात.

कॅलेंडरवाल्या मित्राबद्दल थोडक्यात. आपल्या 'या ना कधीतरी'ला तारीख नसते आणि दोन्ही बाजूंना ते माहीत असतं. त्याने ते आमंत्रण खरं मानलं, म्हणून तारीख विचारली. ती दे. तो 'काय घेऊन येऊ?' विचारेल, तेव्हा 'काही नको' म्हणू नकोस, 'पेय आण' म्हण. आणि आल्या आल्या त्याला घरभाडं, वडिलांचा पगार, लग्नाचं कधी, हे विचारू नका. आपल्याकडे ती आपुलकी. तिथे पैशाचं बोलणं फार जवळच्यांत होतं, काही घरांत तर तिथेही नाही.

आता जर्मन सोडावं का?

आधी तुझ्या बी-वनची किंमत नीट लावू. युरोपच्या मापात भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, त्यातली ही तिसरी. मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेच्या परीक्षेत कानावर पडते ती प्रमाण जर्मन, ठरलेल्या विषयांवर. साक्सनीतल्या बेकरीत जी बोलली जाते ती वेगळीच. तिथल्या बोलीत प, त, क हे मऊ होऊन ब, द, ग यांच्याकडे झुकतात आणि स्वरही बदलतात. हांबुर्गहून आलेला जर्मनसुद्धा तिथे पहिले काही दिवस कान टवकारून ऐकतो. सांगलीच्या मुलाने मालवणी बाजारात उभं राहून 'माझं मराठी कच्चं आहे' असं ठरवावं, तसं तू करतोयस.

समोरचा इंग्रजीवर येतो तो बहुतेक वेळा मदत म्हणून, नाहीतर मागे रांग लागलीय म्हणून. 'बिटे आउफ डॉइच' (कृपया जर्मनमध्ये) म्हण, हसून म्हण आणि पुढचं वाक्य जर्मनमध्येच चालू ठेव. गर्दीच्या वेळी नको. सकाळी अकराला बेकरी रिकामी असते, तेव्हा जा. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात टँडेम जोडीदार मिळतो: अर्धा तास तू त्याच्याशी इंग्रजी बोलायचं, अर्धा तास त्याने तुझ्याशी जर्मन. तुझ्या 'याचा काय अर्थ होतो?'ला उत्तर देणारा पहिला माणूस बहुधा हाच असेल.

आईची काळजी समजते. कर्ज काढून पाठवलंय, व्हिसासाठीच्या ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचे बारा हजार युरोंच्या आसपास अडकवलेत, परीक्षा नापास होऊन चालणार नाही. पण तिला हेही सांग की डिग्री इंग्रजीत मिळाली तरी नोकरी बरेचदा जर्मनमध्ये मिळते. डिग्रीनंतर नोकरी शोधायला दीड वर्षाचा परवाना मिळतो. त्यातलं एक वर्ष तू बी-टूचा क्लास करत घालवलंस तर सगळ्यात महाग क्लास तोच ठरेल. वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता करायच्या नोकरीची, जागासुद्धा कारखान्यात हवी असेल तर तिथला फोरमन जर्मनच बोलतो. तेव्हा सोडू नकोस. आठवड्यातून दोन संध्याकाळी दे. त्याने मास्टर्स बुडत नाही.

रूममेट 'रेसिस्ट' म्हणतात, त्यावरून मी हात झटकून पुढे जाणार नाही. साक्सनीत २०२४च्या विधानसभा निवडणुकीत स्थलांतरितांविरोधी भूमिका घेणाऱ्या एएफडी पक्षाला ३० टक्क्यांहून जास्त मतं पडली. ट्राममध्ये शिवी ऐकलेली, नाव वाचून घर नाकारलं गेलेली मुलं आहेत आणि ती खोटं बोलत नाहीत. अशा वेळी 'त्यांची संस्कृती समजून घे' हा सल्ला देणं म्हणजे निर्लज्जपणा. तारीख, वेळ, जागा, साक्षीदार लिहून ठेव, विद्यापीठाच्या भेदभावविरोधी कक्षाकडे जा, धमकी असेल तर पोलिसांच्या ११० ला फोन कर. समान वागणुकीचा कायदा तिथे २००६पासून आहे. मात्र तुझ्या पत्रातला एकही प्रसंग मला त्या रांगेत बसलेला दिसत नाही. तुझी आकडेमोड खोडणारा आणि तुझ्या रंगावर बोलणारा, या दोघांना एकच शब्द वापरलास तर खरी वेळ येईल तेव्हा त्या शब्दात दम उरणार नाही.

यावर इरावती कर्व्यांची आठवण येते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशशुद्धीच्या कल्पना मांडणारे मोठे नाव. पुढे नाझींनी त्यांचा आधार घेतला. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्याचा वंशाशी संबंध आहे का, हे इरावतीबाईंना तपासायचं होतं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. त्यांचं संशोधन छापलं गेलं ते जर्मनमध्ये. परक्या देशात, त्यांच्या भाषेत, त्यांच्याच मोजमापाच्या पद्धतीने त्यांना 'हे बरोबर नाही' सांगणारी ही मराठी बाई. दुसऱ्यांची रीत शिकायची म्हणजे त्यांच्या हो ला हो करायचं, असा समज असणाऱ्यांना मी त्यांचंच उदाहरण देते.

राहिला प्रश्न माणसं मिळवण्याचा. नुसतं शेजारी राहून ओळख होत नाही, हे गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्येच मांडलं होतं. त्यांच्या मते दोन गटांतले पूर्वग्रह कमी व्हायला बरोबरीचं नातं, सामाईक उद्दिष्ट, एकमेकांशिवाय न होणारं काम आणि वरून पाठिंबा, हे सगळं लागतं. वर्गात तुम्ही एकमेकांच्या मागे-पुढे बसता, काम वेगवेगळं करता. म्हणून फेराइन, म्हणजे एखादं मंडळ, शोध. जर्मनीत सहा लाखांहून जास्त नोंदणीकृत मंडळं आहेत: व्हॉलीबॉल, समूहगान, डोंगर चढणारे, मोडक्या सायकली दुरुस्त करणारे, कुत्री पाळणारे. छोट्या गावांत तर आग विझवायलाही स्वयंसेवक असतात आणि दर आठवड्या-पंधरवड्याला सराव करतात. क्रिकेट क्लब नको. खेळायला जरूर जा, पण तिथे तुला अफगाण, पाकिस्तानी आणि हैदराबादी भेटतील. तेही छान, पण तू विचारलंयस ते तिथे मिळणार नाही. तू मेकॅनिकलचा असशील तर सायकल दुरुस्तीचं ठिकाण सगळ्यात सोपं. हातात पाना असला की व्याकरण आठवायला लागत नाही, आणि 'तो नाही, शेजारचा दे' हे वाक्य शंभरदा कानावर पडतं.

तिथेही पहिले काही आठवडे कोणी फारसं बोलणार नाही. जात राहा. ओळख व्हायला वेळ लागतो, पण सलग तीन वेळा आला नाहीस तर चौथ्यांदा 'कुठे होतास?' म्हणून विचारतील.

आणखी एक काम, रोजचं नाही. एखादा प्रसंग खटकला की वहीत दोन भाग कर: काय घडलं ते एका बाजूला, मला काय वाटलं ते दुसऱ्या. 'आजींनी अपमान केला' हे दुसऱ्या बाजूचं; पहिल्या बाजूला फक्त, समजा, 'दारावर चिठ्ठी, निळं पेन, तीन ओळी'. परदेशी शिकायला गेलेल्या तेराशेच्या आसपास अमेरिकी कॉलेज विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास २००९मध्ये छापून आला. त्यात दिसलं की नुसतं तिथे राहिल्याने बऱ्याच जणांची समज फारशी पुढे सरकली नाही. आपल्या अनुभवांवर बोलायला ज्यांना मार्गदर्शक होता, त्यांची सरकली. तुला मार्गदर्शक नसेल तर वही आणि टँडेम जोडीदार यांच्यावर भागव.

नाताळचं शेवटी विचारलंस. सुट्टीत तिकिटं महाग, फेब्रुवारीत परीक्षा, आणि घरी तू उन्हाळ्यातही येऊ शकतोस. मी म्हणेन, या वर्षी थांब. कोणी २४च्या संध्याकाळी घरी बोलावलं तर नक्की जा. ती त्यांची घरची संध्याकाळ असते, सहजी कोणाला बोलावत नाहीत. किती वाजता, काय आणू आणि भेटवस्तू देतात का, हे आधी विचार. तू मांस खात नसशील तर तेही आत्ताच सांग, पानावर बसल्यावर नको. बोलावणं आलं नाही तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात चौकशी कर, मागे राहिलेल्या मुलांसाठी बहुतेक काहीतरी ठेवतात. आणि दूध, ब्रेड, कांदे २३लाच आणून ठेवा. २४ला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात, २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, आणि २७ला रविवार आला तर तोही गेला.

— तुझी ताई